तीन कोटेशनांची पदवी

कंपनीत त्यांना कोटेशनराव म्हणत. तोंडावर नाही. तोंडावर सगळे ‘साहेब’च म्हणत, कारण खरेदी खात्यातल्या माणसाला तोंडावर नावं ठेवून आजवर कुणाचं भलं झालेलं नाही. पण पाठ वळली की कोटेशनराव. पाण्याचे पंप बनवणाऱ्या त्या कंपनीत नटबोल्टांपासून खिडकीच्या पडद्यांपर्यंत जे काही विकत घेतलं जाई ते त्यांच्या टेबलावरून जाई, आणि त्या टेबलाचा धर्म एकच होता: तीन कोटेशनं आल्याशिवाय काहीही घ्यायचं नाही. कारखान्यात आग लागली तेव्हा ती विझवायचं नळकांडं घेण्यासाठी त्यांनी तीन कोटेशनं मागवली, असं लोक अजून सांगतात. हे अगदीच खोटं आहे. त्यातली दोन आग लागण्याआधीच आली होती.

घरीही तोच कायदा. गादी, मिक्सर, मुलीची सायकल, सगळं तीन ठिकाणी विचारून. मागे त्यांची दाढ दुखत होती तेव्हा ते गालाला हात लावून तीन दंतवैद्यांकडे दर विचारत फिरले आणि तिसऱ्याच्या जिन्यातच दाढ आपणहून पडली. त्यात वाचलेल्या खर्चाबद्दल ते आजही पाहुण्यांना सांगतात. आयुष्यात एकच व्यवहार त्यांनी एका कोटेशनवर केला होता आणि तो म्हणजे लग्न. आत्यानं एक मुलगी सुचवली, हे तिला भेटले, घरी आले आणि चपला काढायच्या आत ‘हो’ म्हणाले. असं का झालं हे त्यांना कधी नीट सांगता आलेलं नाही. बायकोचं म्हणणं, म्हणूनच तो व्यवहार बरा झाला.

तर अशा या माणसावर पदवी विकत घ्यायची पाळी आली. म्हणजे पदवी मिळवायची, पण मिळवायची तरी आधी निवडायला हवी, आणि निवडणं म्हटलं की कोटेशनरावांना खरेदीच आठवणार.

झालं असं की खरेदीप्रमुख नोकरी सोडून मुलाकडे राहायला जाणार होते. त्यांची काचेची केबिन आणि उंच पाठीची काळी खुर्ची रिकामी होणार होती. कोटेशनराव कित्येक वर्षं आपल्या टेबलावरून काचेतून ती खुर्ची बघत आले होते. ती खुर्ची त्यांनीच आणली होती, तीन दुकानांतल्या खुर्च्यांवर स्वतः बसून पाहून, आणि तेव्हापासून ती आपल्याच मापाची आहे अशी त्यांची खात्री होती. खुर्ची मिळणार हे ते धरून चालले होते. पण एच.आर.च्या बाईंनी त्यांना बोलावून घेतलं.

“साहेब, तुमचा अनुभव दांडगा आहे, त्यात वादच नाही,” बाई म्हणाल्या. “पण आता नवीन नियम आलाय. प्रमुखपदाला पदव्युत्तर पदवी लागते. निदान तिमाही संपायच्या आत कुठेतरी प्रवेश घेतलेला हवा. ऑनलाइन चालेल.”

“आणि अनुभव?”

“त्याला वेगळा रकाना आहे, साहेब. तो भरलेला आहे.”

“मग त्यातलाच थोडा इकडे घ्या.”

बाई हसल्या. म्हणजे नियम बदलणार नव्हता. शिवाय जाता जाता त्यांनी असंही सांगितलं की दोघांनीही प्रवेश घेतला तर खुर्ची अर्थातच अनुभवाला जाईल, पण एकानंच घेतला तर प्रश्नच मिटला. दुसरा म्हणजे शेजारच्या टेबलावरचा होयबा. हा वयानं कोटेशनरावांच्या निम्मा असेल. कुणी काही म्हटलं की ‘होय साहेब’ म्हणायचं, एवढ्या भांडवलावर तो पाच वर्षांत तीन टेबलं पुढे आला होता. कोटेशनराव त्याला ‘अरे’ म्हणत, त्याला पेन आणायला पाठवत आणि त्याच्या डब्यातलं न विचारता खात. स्पर्धक म्हणून त्याचा विचार करणं त्यांना थोडं कमीपणाचंच वाटलं.

घरी आल्यावर बायको म्हणाली, “मग घ्या की प्रवेश. अजून भरपूर दिवस आहेत.”

“घ्या की म्हणजे? भाजी आहे का ती?”

“भाजी असती तर तीन गाड्या फिरला असता.”

“पदवी म्हणजे आयुष्यभराचा माल आहे. तिथे तर पद्धतशीरच जायला हवं.”

त्यांनी मुलीला संगणकापाशी बसवलं आणि तीन विद्यापीठांना रीतसर चौकशीपत्र सांगितलं. पुरवठ्याची मुदत किती. हमीचा कालावधी किती. माल सदोष निघाल्यास बदलून मिळेल काय. नमुना कधी पाठवता. मुलगी टाइप करता करता थांबली.

“बाबा, पदवीत सदोष माल म्हणजे काय?”

कोटेशनरावांनी क्षणभर विचार केला. “तुझ्या मावशीचा नवरा.”

स्वयंपाकघरात भांडी जरा जोरात वाजली. मुलीनं ते वाक्य टाइप केलं नाही.

पत्रांना उत्तरं आली नाहीत, फोन आले. विद्यापीठाचं पान उघडायला आधी फोन नंबर द्यावा लागतो आणि कोटेशनरावांनी तो सरळ मनानं दिला होता. त्याच संध्याकाळी एक गोड आवाज म्हणाला, “सर, मी तुमची करिअर सल्लागार बोलतेय.”

“माझी? मी तर अजून ऑर्डर दिलेली नाही.”

“सर, आधी मला एवढंच सांगा, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता?”

“घरी. निवृत्त झालेलो असेन.”

पलीकडे शांतता पसरली. बहुधा तिच्यापुढच्या कागदावर या उत्तराचं पुढचं वाक्य नव्हतं. कोटेशनरावांना मात्र बरं वाटलं. विक्रेत्याला पहिल्याच भेटीत गप्प करावं, म्हणजे तो पुढे सरळ बोलतो, हा त्यांचा जुना नेम. दुसरा नेम असा की विक्रेत्याचा फोन पहिल्या वेळी उचलायचा नाही आणि भेटायला आला तर बाकावर बसवून ठेवायचं. फोनवर बाक नव्हता, म्हणून ते तिला “जरा थांबा” म्हणत आणि फोन उशीवर ठेवून शांतपणे चहा पीत. अशा तऱ्हेनं तिन्ही विद्यापीठांच्या सल्लागार त्यांच्या उशीवर थांबून राहू लागल्या.

माहिती येईल तसा तक्ता वाढू लागला. हा तुलनात्मक तक्ता म्हणजे कोटेशनरावांच्या हातची खरी कला. चार मोठे कागद चिकटवून त्यांनी तो दिवाणखान्याच्या भिंतीवर लावला, आडव्या रांगांत विद्यापीठं आणि उभ्या रकान्यांत गुण. त्यापायी भिंतीवरचं घड्याळ झाकलं गेलं.

“किती वाजले ते दिसत नाही,” बायको म्हणाली.

“तक्ता दिसतोय ना?”

तक्ता भिंतीवर लागला म्हटल्यावर बघणारे आलेच. वरच्या मजल्यावरचे हेडमास्तर रोज खाली पेपर वाचायला येत. ते निवृत्त झाले होते, पण ते त्यांनी मनावर घेतलं नव्हतं. त्यांनी हात मागे बांधून तक्त्याचं निरीक्षण केलं.

“यात शिस्तीचा रकाना कुठाय?”

“ऑनलाइन आहे, सर. शिस्त कोण लावणार?”

“तेच म्हणतो मी. मास्तर दिसला नाही तर विद्यार्थ्यानं घाबरायचं कुणाला?”

शिस्तीचा रकाना आला. एवढ्यावर न थांबता हेडमास्तरांनी विद्यार्थ्याचीही तयारी बघायचं ठरवलं आणि एका रविवारी कोटेशनरावांना जेवणाच्या टेबलाशी बसवून दीड तासाची चाचणी घेतली. मुलगी समोर बसून मुद्दाम मोठ्यानं सफरचंद खात होती. कोटेशनराव काठावर पास झाले. उत्तरपत्रिकेवर लाल शाईत शेरा होता: ‘अक्षर सुधारावे. पालकांनी भेटावे.’ पालक म्हणून बायको जाऊन भेटली आणि बराच वेळ खाली आली नाही. वर काय बोलणं झालं ते दोघांनीही सांगितलं नाही, पण नंतर दोन दिवस ती त्यांच्याकडे बघून हसत होती.

मग साडू आले. वर सदोष माल म्हणून ज्यांचा उल्लेख झाला ते हेच. त्यांच्याकडे अशी एक पदवी होती आणि तिचं नाव इतकं लांब होतं की सांगताना मध्ये श्वास घ्यावा लागे.

“भाऊजी, बाकी सगळं सोडा, नाव बघा,” साडू म्हणाले. “लिफ्टमध्ये सांगितलं तर समोरच्याची मान वळली पाहिजे.”

“आमच्या कंपनीला लिफ्ट नाही.”

“म्हणून तर तुम्ही वर गेला नाहीत.”

हे कोटेशनरावांना लागलं. त्यांनी ‘नाव’ असा रकाना तर घातलाच, वर आणखी चार विद्यापीठं मागवली. एक ना धड, भाराभर चिंध्या अशी त्या भिंतीची गत झाली. बायकोनं एका सकाळी चहाचा कप ठेवता ठेवता पेन्सिलीनं अगदी टोकाला एक रकाना ओढला आणि वर लिहिलं, ‘कधी?’ कोटेशनरावांनी तो खोडला नाही. फक्त तिथे भरायला त्यांच्याकडे काही नव्हतं.

मध्येच कळलं की कुठेही प्रवेश घ्यायचा तर जुनी पदवी दाखवावी लागते, आणि कोटेशनरावांनी आपली वाणिज्य शाखेची पदवी कॉलेजातून कधी आणलीच नव्हती. पास झाल्याचं कळलं, नोकरी लागली, कागद तिथेच राहिला. ते कॉलेजच्या कार्यालयात गेले. तिथल्या लिपिकानं त्यांच्याकडे पाहिलं, मग फाइलकडे पाहिलं, मग पाणी प्यायला, आणि बोट न हलवता नुसत्या हनुवटीनं बाक दाखवला. कोटेशनराव बसले. बाक अरुंद होता, भिंतीला टेकलं की पाठीला खुंटी टोचत होती. थोड्या वेळानं त्यांच्या लक्षात आलं की हे सगळं तंत्र आपलंच आहे. आपल्या टेबलासमोरच्या बाकावर रंगवाला, बोल्टवाला, पुठ्ठ्याची खोकी पुरवणारा म्हातारा अगदी असेच बसलेले असतात. आणि हा लिपिक या कलेत आपल्याहून सरस आहे, हेही त्यांना मान्य करावं लागलं.

“इतकी वर्षं का नेली नाहीत?” अखेर लिपिकानं विचारलं.

“गरज पडली नाही.”

“गरज पडली नाही असं लिहून द्या. तीन प्रती.”

तीन या आकड्याचा त्यांना पहिल्यांदाच राग आला. तरी त्यांनी लिहून दिलं, आणि नंतर दोन खेपा मारून कागद आणला. पुढे काही दिवस ते पुठ्ठेवाल्या म्हाताऱ्याला आल्या आल्या आत बोलावत आणि खुर्ची देत. म्हाताऱ्याला वाटलं आपलं काम बंद होणार, आणि त्यानं घाबरून दर उतरवला.

एवढ्यात नमुनाही आला. नमुना म्हणजे एक चित्रफितीतलं व्याख्यान. कोटेशनरावांनी माल तपासतात तसं ते तपासलं आणि अहवाल पाठवला: प्राध्यापकांचा आवाज खोल, मागचा पंखा हलतो, मुद्दा चौथा आणि मुद्दा सातवा एकच आहे, सबब नमुना नाकारण्यात येत आहे. उलट टपाली विद्यापीठाचं उत्तर आलं, ‘आपल्या उत्साहवर्धक अभिप्रायाबद्दल आभारी आहोत.’

तक्ता पुरा झाला तेव्हा तो इतका देखणा झाला होता की तो फक्त घरच्यांनी बघावा हे कोटेशनरावांना पटेना. घडी घालून तो त्यांनी कंपनीत नेला आणि जेवणाच्या सुट्टीत होयबापुढे पसरला. होयबानं आपला डबा बाजूला सारून जागा केली आणि एकेका रकान्यावरून बोट फिरवत सगळं वाचलं. इतक्या आदरानं तो तक्ता घरात कुणी वाचला नव्हता.

“साहेब, केवढं काम केलंत. मग आजच्या घडीला सगळ्यांत सरस कोणती?”

“पहिली. त्यात वादच नाही. पण पद्धत म्हणून काही असते.”

“होय साहेब,” होयबा म्हणाला आणि त्यानं डबा पुढे केला.

आता कुणी विचारेल, पहिली सरस आहे हे कळलं होतं तर घोडं अडलं कुठे? याचं उत्तर फक्त खरेदीतल्या माणसाला समजेल. विक्रेता तिमाहीच्या शेवटच्या दिवशी वाकतो. त्याला आपला आकडा पुरा करायचा असतो, त्यामुळे संध्याकाळी तो सकाळपेक्षा नरम असतो, आणि आज शेवटचा दिवस म्हणणाराच दुसऱ्या दिवशी उतरलेला दर घेऊन दारात उभा राहतो. कोटेशनरावांनी आयुष्यभर बोल्ट असेच घेतले होते. म्हणून ते शेवटच्या दिवसाची वाट बघत बसले.

तो दिवस उजाडला आणि फोन सुरू झाले. पहिल्या विद्यापीठाची ती गोड आवाजाची मुलगी सकाळपासून मागे लागली होती.

“सर, आज शेवटचा दिवस आहे. सहाला लिंक बंद होते.”

कोटेशनराव नुसते हसले. हे वाक्य त्यांना पाठ होतं. दुपारी बायकोचा फोन आला.

“घेतलात का प्रवेश?”

“वाकतायत.”

“कोण?”

“तू बघत राहा.”

साडेपाचला पुन्हा ती मुलगी. “सर, प्लीज. मी खरंच सांगतेय.”

“अजून जरा खाली या, मग बघू.”

“सर, खाली यायचं माझ्या हातात नाही हो. मी नोकरी करते इथे.”

तिच्या आवाजात काहीतरी असं होतं की कोटेशनरावांचा हात क्षणभर संगणकाकडे गेला. पण हा मोह म्हणजेच विक्रेत्याचं शेवटचं शस्त्र, हेही त्यांनी आयुष्यभर ऐकलं आणि ऐकवलं होतं. त्यांनी फोन पालथा ठेवला. सहाला तो वाजायचा थांबला. ‘उद्या येतील,’ ते मनात म्हणाले, आणि विजयी मुद्रेनं घरी गेले.

उद्या कुणी आलं नाही. दुपारपर्यंत त्यांनी वाट पाहिली, मग स्वतः फोन लावला. घेणाऱ्यानं विकणाऱ्याला फोन करायची ही त्यांच्या कारकिर्दीतली पहिलीच वेळ.

“सर, बंद झालं,” ती मुलगी म्हणाली. तिचा आवाज आता साधा होता. “पुढची तुकडी सहा महिन्यांनी.”

“अहो, पण तुम्ही काल...”

“मी काल सांगत होते, सर.” मग तिलाच वाईट वाटलं असावं. “पण तुमच्या कंपनीतल्या एकांनी घेतलाय प्रवेश. मागेच. त्यांनी तुमचा संदर्भ दिला होता. त्याबद्दल तुम्हाला आमच्याकडून एक पिशवी मिळेल.”

होयबानं तक्ता पाहिला त्याच दिवशी, डबा धुवायच्या आत, फोनवरूनच प्रवेश घेतला होता. कोटेशनरावांनी त्याला जिन्यात गाठलं.

“अरे, मला सांगितलं का नाहीस?”

“साहेब, मला वाटलं तुम्हीही घेतला असेल. तुम्हीच म्हणालात, पहिली सरस, त्यात वादच नाही. तुम्ही एवढा अभ्यास केल्यावर मी आणखी कशाला शोधत बसू?”

त्याच्या चेहऱ्यावर लबाडी असती तर बरं झालं असतं. ती नव्हती. आयत्या बिळावर नागोबा, असं कोटेशनराव मनात म्हणाले, पण बिळाचा पत्ता आपणच रकाने आखून दिला होता हेही त्यांना त्याच वेळी आठवलं.  ते तसेच आपल्या टेबलाशी परत गेले.

त्या संध्याकाळी ते दिवे न लावता दिवाणखान्यात बसून होते. खुर्ची गेली होती, आणि ती कुणी हिसकावली नव्हती, हे जास्त लागत होतं. बायकोनं दिवा लावला, कंपनीतून आणून पुन्हा लावलेला तक्ता भिंतीवरून काढला आणि त्याची नीट घडी घातली. घड्याळ पुन्हा दिसू लागलं.

“वाईट वाटतंय ना?” ती म्हणाली.

“हो. फार.”

ती शेजारी बसली. “मला एकाच कोटेशनवर घेतलंत. कधी पस्तावलात का?”

कोटेशनरावांनी मान वर केली. “विचार करून सांगतो,” ते सवयीनं म्हणून गेले, आणि बायको आधी त्यांच्याकडे बघत राहिली आणि मग इतकी हसली की वरून हेडमास्तरांनी काठी आपटली. शेवटी त्यांनाही हसू आलं. पण रात्री जेवण गेलं नाही ते नाहीच.

होयबा केबिनमध्ये गेला आणि नवाच पेच उभा राहिला. काल ज्याला ‘अरे’ म्हणत होतो त्याला आज ‘अहो’ कसं म्हणायचं? ‘अरे’ म्हणावं तर उद्धटपणा, ‘अहो’ म्हणावं तर जीभ उचलत नाही. कोटेशनरावांनी यावर तोडगा काढला. ते कुणालाच उद्देशून बोलेनासे झाले. “फाइल बघून झालीय का?” “सही कधीपर्यंत होईल?” असं ते केबिनच्या छताकडे बघून विचारत. आणि होयबाही छताकडेच बघून उत्तर देई. एच.आर.च्या बाईंनी म्हणे छताला गळती आहे का याची चौकशी केली.

पिशवी आली होती. विद्यापीठाचं नाव मोठ्या अक्षरांत छापलेली, चांगली मजबूत पिशवी. फेकवेना, म्हणून कोटेशनराव तिच्यातून डबा नेत असत.

महिन्याभरानं होयबानं त्यांना आत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

“बसा ना. एक काम होतं. जरा अवघड आहे.”

कोटेशनराव पिशवी मांडीवर घेऊन बसले.

“पदवीचा पहिला प्रकल्प द्यायचाय,” होयबा टेबलाकडे बघत म्हणाला. “विषय त्यांनीच दिलाय. ‘माणसाचे निर्णय लांबणीवर का पडतात?’ प्रत्यक्ष उदाहरण घेऊन, त्या माणसाला प्रश्न विचारून लिहायचंय. तर मला वाटलं...”

 पुढचं बोलायची गरज नव्हती. कोटेशनरावांनी काळ्या खुर्चीकडे पाहिलं, मांडीवरच्या पिशवीकडे पाहिलं. उठून जावं, दार आपटावं, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं. पण टेबलावर प्रश्नांचा कागद पडला होता आणि त्यांची नजर त्यावर गेली. प्रश्न विस्कळीत होते. तिसरा आणि पाचवा एकच होता. ढिसाळ काम मात्र त्यांना कधीच सहन होत नसे. त्यांनी कागद ओढून घेतला, खिशातलं पेन काढलं.

“किती जणांना विचारणार?”

“तुम्हालाच फक्त.”

“एकट्याला?” कोटेशनराव ताठ बसले. “एका माणसावर प्रकल्प? माझ्या टेबलावर आला असता तर तसाच परत पाठवला असता. निदान तीन माणसं घे. आमच्या वरचे हेडमास्तर आहेत, त्यांनी निवृत्त व्हायचा निर्णय अजून घेतलेला नाही, त्यांना घे. माझ्या साडूला घे. तिघांचा तक्ता कर आणि इकडे आण. बघून सांगतो.”

सगळं बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण छताकडे बघितलंच नाही. नवे खरेदीप्रमुख उंच पाठीच्या काळ्या खुर्चीतून अर्धवट उठले आणि म्हणाले, “होय साहेब.”